इमारतीचं डॅम्पिंग: मोजायचं कसं आणि मॉडेलमध्ये घालायचं कसं

एखाद्या इमारतीचं भूकंप-विश्लेषणाचं मॉडेल उघडा आणि डॅम्पिंगच्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहा. डॅम्पिंग म्हणजे हलणाऱ्या इमारतीची ऊर्जा गळून कंपन हळूहळू विझणं. बहुतेक वेळा तिथे ५ टक्के असतं. हा आकडा आला कुठून असं विचारलं, तर ‘कोडमध्ये (बांधकामाच्या नियमावलीत) आहे’ एवढंच उत्तर मिळतं. वस्तुमान नकाशावरून मोजता येतं, ताठरता तुळया-खांबांच्या मापांवरून बरीचशी काढता येते. डॅम्पिंग मात्र कुठल्याच नकाशात नसतं. ते काँक्रीटच्या बारीक भेगांत, भिंत आणि तुळईच्या सांध्यात, बोल्टखालच्या घर्षणात आणि पायाखालच्या मातीत विखुरलेलं असतं. म्हणून ते मोजावं लागतं. मोजल्यावर, मोजलेला आकडा मॉडेलमध्ये जसाच्या तसा घालायचा की नाही, हा वेगळा विचार करावा लागतो.

या लेखात दोन्ही कामं क्रमाने करू. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. डॅम्पिंग हा इमारतीच्या अंगचा एक कायमचा आकडा नसतो. इमारत किती जोरात हलत होती, मोजणी कोणत्या पद्धतीने केली आणि मॉडेल स्वतःहून किती ऊर्जा खातंय, या तिन्हींना तो बांधलेला असतो.

आकड्याचा अर्थ

झोका ओढून सोडला की तो हळूहळू थांबतो. दर फेरीला थोडी ऊर्जा कुठेतरी जाते. ही गळती वेगाच्या प्रमाणात होते असं मानलं की गणित सोपं होतं, आणि त्याला व्हिस्कस डॅम्पिंग म्हणतात. झोका एकदाही पलीकडे न जाता जेमतेम परत येऊन थांबेल, इतकं डॅम्पिंग म्हणजे क्रिटिकल डॅम्पिंग. प्रत्यक्षातलं डॅम्पिंग त्याच्या किती टक्के, तो आपला आकडा. त्याला डॅम्पिंग गुणोत्तर म्हणू.

हाताशी ठेवायला एक सोपा हिशोब आहे. कंपन निम्म्यावर यायला लागणाऱ्या फेऱ्यांची संख्या म्हणजे साधारण ०.११ भागिले डॅम्पिंग गुणोत्तर. १ टक्का डॅम्पिंगला सुमारे ११ फेऱ्या लागतात, ५ टक्क्यांना जेमतेम दोन. कुणी दाखवलेल्या आलेखात कंपन वीस फेऱ्या रेंगाळत असेल आणि खाली ५ टक्के लिहिलं असेल, तर काहीतरी चुकलंय हे कॅल्क्युलेटर न उघडता कळतं.

खरी इमारत व्हिस्कस नसते. तिच्यातली बरीचशी गळती घर्षणाची आणि भेगांच्या उघडझापीची असते. निव्वळ घर्षण असेल तर कंपनाची शिखरं सरळ रेषेत उतरतात, व्हिस्कस असेल तर घातांकी वक्रात. तरीही आपण एकच व्हिस्कस आकडा वापरतो, कारण दर फेरीला गेलेली ऊर्जा सारखी ठेवली तर उत्तर कामापुरतं बरोबर येतं. समतुल्य व्हिस्कस डॅम्पिंगची ही कल्पना जेकबसन यांनी १९३० मध्ये मांडली. ‘समतुल्य’ हा शब्द मात्र विसरायचा नाही. पुढच्या बऱ्याच चुका तो विसरल्यामुळेच होतात.

पायरी १: आधी खोट्या डेटावर सराव

इमारतीवर यंत्र लावण्याआधी संगणकावर एक कृत्रिम सिग्नल बनवा. वारंवारता १.६ हर्ट्झ, डॅम्पिंग १ टक्का, वर थोडा गोंगाट. मग तुमची सगळी प्रक्रिया त्यावर चालवा. १ टक्का परत मिळाला तरच पुढे जा.

हे मी कळकळीने सांगतोय. माझ्या सुरुवातीच्या एका मोजणीत मी २० सेकंदांचे तुकडे पाडून स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे त्याचा आलेख) काढला होता. डॅम्पिंग पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. आकडा विश्वास ठेवण्याजोगा दिसला आणि मी तो अहवालात लिहून मोकळा झालो. नंतर तोच डेटा वेगळ्या पद्धतीने तपासला तेव्हा १ टक्का निघाला. दोष इमारतीचा नव्हता, माझ्या तुकड्यांच्या लांबीचा होता. कसा, ते पायरी ५ मध्ये येईल. कृत्रिम सिग्नलवर अर्धा तास घालवला असता तर चूक त्याच दिवशी हाती लागली असती.

पायरी २: सेन्सर कुठे आणि कोणता

इमारतीसाठी फोर्स-बॅलन्स ॲक्सिलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) सर्वांत भरवशाचा. तो अगदी कमी वारंवारतेपर्यंत सरळ वाचन देतो आणि त्याचा स्वतःचा गोंगाट खूप कमी असतो. ४.५ हर्ट्झचा जिओफोन (कंपनाचा वेग मोजणारा सेन्सर) स्वस्तात मिळतो, पण उंच इमारतीची पहिली वारंवारता १ हर्ट्झच्याही खाली असते आणि तिथे त्याची संवेदनशीलता झपाट्याने घटते. मोबाइलमधला सेन्सर झुलत्या पादचारी पुलाला चालून जातो, शांत उभ्या इमारतीच्या सूक्ष्म कंपनांना नाही.

गच्चीवर किमान तीन वाहिन्या हव्यात: एकाच दिशेत मोजणाऱ्या दोन, इमारतीच्या दोन टोकांना, आणि एक त्यांच्या काटकोनातल्या दिशेत. टोकांच्या दोन वाचनांची सरासरी म्हणजे सरळ डोलणं. त्यांच्यातला फरक भागिले मधलं अंतर म्हणजे पीळ. ही विभागणी नसेल तर पुढे मोड (इमारतीच्या हलण्याच्या तऱ्हा, प्रत्येकीची वारंवारता आणि आकार वेगळा) एकमेकांत मिसळतात. मधल्या उंचीवर सेन्सर लावणार असाल तर दोन तृतीयांश उंची टाळा. एकसारख्या शिअर-इमारतीत (जिचे मजले एकमेकांवर आडवे सरकतात) दुसऱ्या मोडचा स्थिर बिंदू नेमका तिथेच येतो, आणि तो मोड तुम्हाला दिसणारच नाही. तळाशीही एक संच ठेवा. पाया किती डुलतोय हे त्याशिवाय कळत नाही.

सॅम्पलिंग सेकंदाला १०० किंवा २०० पुरेसं आहे, मात्र यंत्रात अँटी-एलियास फिल्टर (सॅम्पलिंगला नीट पकडता न येणारी जलद कंपनं आधीच गाळणारा) असायलाच हवा. सेन्सर फरशीवर नुसता ठेवू नका. त्याचे पाय पक्के टेकलेले हवेत आणि तो सैल टाइलवर नसावा. सुरू करण्यापूर्वी सगळे सेन्सर शेजारी शेजारी ठेवून दहा मिनिटं नोंद घ्या. सगळ्यांच्या रेषा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. या नोंदीवरून प्रत्येकाचा गोंगाटही कळतो आणि तो आकडा पुढे लागतो.

पायरी ३: इमारत हलवायची कशी

चार मार्ग आहेत. पहिला, काहीच न करणं: वारा, रहदारी, माणसांची ये-जा यांनी इमारत सतत थरथरत असते, तीच नोंदवायची. दुसरा, गच्चीवर एक्सेंट्रिक-मास शेकर (मध्यापासून सरकवलेलं वजन फिरवून ढकलणारं यंत्र) बसवून ठरावीक वारंवारतेने ढकलणं. तिसरा, ओढून सोडणं, जो पुलांसाठी जास्त सोयीचा. चौथा मार्ग साधा असूनही कामाचा आहे: चार-सहा माणसांनी मेट्रोनोमच्या ठोक्यावर एकाच लयीत अंग झुलवायचं आणि एका इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम स्तब्ध व्हायचं. मध्यम उंचीच्या इमारतीत याने सूक्ष्म कंपनांच्या कितीतरी वर जाणारं स्वच्छ मुक्त कंपन मिळतं. हलक्या पादचारी पुलावर मात्र जपून. तिथे उभी असलेली माणसंच डॅम्पिंग वाढवतात.

शेकर वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. प्रत्येक वारंवारतेला कंपन स्थिरावू द्या. १ टक्का डॅम्पिंग आणि १.६ हर्ट्झला स्थिरावण्याचा कालांक सुमारे १० सेकंद असतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर निदान ४० ते ५० सेकंद थांबावं लागतं. दुसरं, या शेकरचं बल वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, तेव्हा वाचन बलाने भागल्याशिवाय आलेख काढू नका. आणि शेकर बंद केल्यावर तो लगेच थांबत नाही. वेग उतरत असताना तो इमारतीला ढकलतच राहतो. मुक्त कंपनाच्या सुरुवातीच्या फेऱ्या म्हणूनच सोडून द्यायच्या.

पायरी ४: मुक्त कंपनातून डॅम्पिंग

ही पद्धत सर्वांत पारदर्शक. दोन शिखरांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग घ्या, मधल्या फेऱ्यांच्या संख्येने भागा, मग ६.२८३ ने भागा. झालं.

पण पहिलं आणि शेवटचं शिखर घेऊन थांबू नका. एक उदाहरण जवळून पाहू. समजा, गच्चीच्या त्वरणाची शिखरं मिलि-जी (गुरुत्वत्वरणाचा हजारावा भाग) मध्ये अशी आहेत: सुरुवातीला ६.४०, पाच फेऱ्यांनी ४.५२, दहा फेऱ्यांनी ३.३१, पंधरा फेऱ्यांनी २.४९, वीस फेऱ्यांनी १.९१. टोकाचे दोन आकडे घेतले तर डॅम्पिंग ०.९६ टक्के येतं. आता पाच-पाच फेऱ्यांचे तुकडे करा. पहिल्या तुकड्यात १.११ टक्के, दुसऱ्यात ०.९९, तिसऱ्यात ०.९१, चौथ्यात ०.८४. कंपन लहान होत गेलं तसं डॅम्पिंग उतरत गेलं. मोठ्या हालचालीत सांध्यांत जास्त जागी घसरण होते, लहान हालचालीत ते सांधे चिकटून राहतात. एका सरासरी आकड्यात ही सगळी माहिती पुसली जाते. अहवालात आकडा एकटा देऊ नका, आयाम विरुद्ध डॅम्पिंग असा आलेख द्या.

इथे एक सापळा आहे. शेपटीकडे सिग्नल गोंगाटाच्या जवळ आला की शिखरं खऱ्यापेक्षा मोठी दिसतात, उतार मंदावल्यासारखा वाटतो आणि डॅम्पिंग कमी भासतं. म्हणजे गोंगाटाचा परिणाम आणि आयामाचा परिणाम एकाच दिशेने जातात. शिखर गोंगाटाच्या दहापटीच्या खाली गेलं की मी मोजणं थांबवतो. पायरी २ मधली शेजारी-शेजारीची नोंद इथे उपयोगी पडते.

दुसरा सापळा जवळजवळच्या मोडचा. चौरस इमारतीत दोन दिशांच्या वारंवारता अगदी लगत असतात. समजा १.६० आणि १.६८ हर्ट्झ. दोन्ही एकदम हलल्या तर दर १२.५ सेकंदांनी ठेका येतो, आणि पहिल्या सव्वासहा सेकंदांत कंपन झपाट्याने उतरतं. ते डॅम्पिंग नसतं. ऊर्जा फक्त एका दिशेतून दुसरीकडे गेलेली असते. थोडं थांबलात तर कंपन पुन्हा वर आलेलं दिसेल. त्यामुळे पहिल्या पाच-सात शिखरांवरून निष्कर्ष काढायचा नाही, पूर्ण नोंद डोळ्यांनी पाहायची.

फिल्टरबद्दलही सांगायला हवं. मोड वेगळा काढायला बँडपास (ठरावीक वारंवारतांचा पट्टाच पुढे सोडणारा फिल्टर) लावावाच लागतो, पण फार अरुंद फिल्टर स्वतःच घंटेसारखा वाजत राहतो. मग तुम्ही इमारतीचं नव्हे, फिल्टरचं डॅम्पिंग मोजता. स्पेक्ट्रममधल्या मोडच्या शिखराची रुंदी डॅम्पिंग गुणोत्तर गुणिले वारंवारता याच्या दुप्पट असते. आपल्या १.६ हर्ट्झ आणि १ टक्क्याच्या उदाहरणात ती ०.०३२ हर्ट्झ. फिल्टर त्याच्या निदान दहापट रुंद ठेवा.

पायरी ५: स्पेक्ट्रमच्या शिखरावरून डॅम्पिंग

हाफ-पॉवर पद्धत पुस्तकात एका ओळीची आहे. शिखराच्या दोन्ही बाजूंना आयाम ०.७०७ पट होतो तिथल्या वारंवारता घ्या. त्यांच्यातला फरक भागिले शिखराच्या वारंवारतेची दुप्पट, म्हणजे डॅम्पिंग. मी पाहिलेल्या सर्वांत जास्त चुका याच एका ओळीत झालेल्या आहेत.

पहिली चूक: ०.७०७ हे आयामाच्या स्पेक्ट्रमसाठी आहे. पॉवर स्पेक्ट्रमवर रेघ ०.५ ला मारायची. पॉवर स्पेक्ट्रमवर ०.७०७ घेतलं तर डॅम्पिंग सुमारे ३६ टक्क्यांनी कमी येतं, आणि आयामावर ०.५ घेतलं तर सुमारे ७३ टक्क्यांनी जास्त.

दुसरी चूक मीच केलेली. तुकडा २० सेकंदांचा असेल तर स्पेक्ट्रमच्या बिंदूंमधलं अंतर ०.०५ हर्ट्झ असतं. आपल्या शिखराची खरी रुंदी मात्र ०.०३२. शिखर दोन बिंदूंच्या फटीतच मावतं. त्यात हॅन विंडो (तुकड्याची टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) शिखराला आणखी पसरवते. तिची स्वतःची रुंदी जवळजवळ दीड बिंदूची, म्हणजे इथे ०.०७२ हर्ट्झ. दोन्ही मिळून शिखर ०.०९ हर्ट्झ रुंद दिसतं आणि डॅम्पिंग २.८ टक्के निघतं. तुकडा २०० सेकंदांचा केला की तेच डॅम्पिंग १.०५ टक्के येतं. इमारत तीच, डेटाही तोच.

त्यामुळे नियम असा: शिखराच्या रुंदीत निदान पाच-सहा बिंदू बसतील इतका लांब तुकडा, आणि सरासरी काढायला असे पुरेसे तुकडे. एकूण नोंद पहिल्या मोडच्या १००० ते २००० आवर्तनकाळांपेक्षा कमी नको. आवर्तनकाळ २ सेकंदांचा असेल तर हे तासाच्या आसपास जातं. वाऱ्याच्या दिवशी दोन तास घेतले तर उत्तम, मात्र तेवढ्या वेळात वाऱ्याचा जोर फार बदलत नाही ना, ते पाहा.

सूक्ष्म कंपनांसाठी आता याहून चांगल्या पद्धती आहेत: फ्रीक्वेन्सी डोमेन डिकॉम्पोझिशन, रँडम डिक्रिमेंट आणि स्टोकॅस्टिक सबस्पेस आयडेंटिफिकेशन. शेवटची माझ्या मते सर्वांत भरवशाची, कारण ती विंडोच्या पसरण्यावर अवलंबून नाही आणि लगतचे मोड वेगळे काढते. या पद्धतीतल्या गणिती मॉडेलची ऑर्डर (त्यात किती पदं आहेत ती संख्या) वाढवत न्यायची आणि प्रत्येक ऑर्डरला वारंवारता, डॅम्पिंग आणि मोडचा आकार स्थिर राहतो का ते पाहायचं. जे टिकतात ते खरे मोड. तरीही एकाच पद्धतीवर विसंबू नका. दोन वेगळ्या स्वभावाच्या पद्धती जवळपास सारखं उत्तर देत असतील तरच त्या आकड्यावर उभं राहा. वारंवारता एखाद्या टक्क्याच्या अचूकतेने मिळते. डॅम्पिंगमध्ये पाव ते एक तृतीयांश इतका चढउतार सहज असतो, आणि तो चढउतारही अहवालात लिहायचा असतो.

पायरी ६: भूकंपाच्या नोंदी मिळाल्या तर

सूक्ष्म कंपनांतून साधारण अर्धा ते दोन टक्के डॅम्पिंग मिळतं. मोठ्या भूकंपात भेगा पडतात, भिंती आणि फ्रेममध्ये घसरण होते, आकडा वाढतो. त्यामुळे इमारतीत कायमस्वरूपी यंत्रं असतील आणि खऱ्या भूकंपाची नोंद असेल, तर तिचं मोल काही औरच.

कॅलिफोर्नियात पासाडेना इथे कॅलटेक विद्यापीठाची नऊ मजली मिलिकन लायब्ररी (आताचं नाव कॅलटेक हॉल) याचं बोलकं उदाहरण आहे. तिच्या गच्चीवर शेकर कायमचा बसवलेला होता, त्यामुळे तीच इमारत दशकानुदशकं पुन्हा पुन्हा हलवून मोजता आली. १९७१ च्या सॅन फर्नांडो आणि १९८७ च्या व्हिटियर नॅरोज भूकंपांत तिची वारंवारता हलण्याच्या वेळी बरीच खाली आली, नंतर काही अंशी परत चढली, पण पूर्ववत झाली नाही. इतकंच नव्हे, मोठा पाऊस, जोराचा वारा आणि उन्हाळ्याची उष्णता यांनीही ती थोडीफार सरकते असं सलग नोंदींतून दिसलं. एका दुपारी मोजलेला आकडा इमारतीचा कायमचा गुणधर्म म्हणून का लिहू नये, ते यावरून कळतं.

विश्लेषण करताना ‘इनपुट’ कोणता घेता ते नीट ठरवा. इमारतीपासून दूरच्या मोकळ्या जमिनीची नोंद इनपुट धरली, तर मिळणाऱ्या डॅम्पिंगमध्ये मातीत निघून जाणारी ऊर्जाही येते. पायाची आडवी हालचाल आणि पायाचं डुलणं, दोन्ही इनपुट धरले तर फक्त इमारतीचं डॅम्पिंग उरतं. पायाखाली स्प्रिंग आणि डॅशपॉट (वेगाच्या प्रमाणात विरोध करणारा घटक) घातलेल्या मॉडेलमध्ये पहिला आकडा वापरलात, तर मातीचं डॅम्पिंग दोनदा मोजलं जातं.

पायरी ७: मॉडेलमध्ये घालण्याआधी एक प्रश्न

कीबोर्डला हात लावण्याआधी कागदावर लिहून काढा: माझं मॉडेल स्वतःहून कोणती ऊर्जा खातंय? सगळं मॉडेल रेषीय (बल आणि विस्थापन कायम एकाच प्रमाणात) असेल तर काहीच नाही. तिथे भेगा, घसरण, सौम्य नुकसान, सगळं मिळून एकच आकडा द्यावा लागतो, आणि कोडचे प्रतिसाद-स्पेक्ट्रम (कोणत्या आवर्तनकाळाच्या इमारतीला भूकंपात किती त्वरण बसेल त्याचे आलेख) ज्या ५ टक्क्यांवर बेतलेले असतात तो याच हिशोबाचा आहे. वेगळं डॅम्पिंग हवं असेल तर स्पेक्ट्रम सुधारायचा. युरोकोड ८ मधला गुणक असा: १० भागिले (५ अधिक डॅम्पिंगची टक्केवारी), त्याचं वर्गमूळ, आणि किमान ०.५५. २ टक्क्यांना तो १.२० येतो, १० टक्क्यांना ०.८२.

मॉडेल अरेषीय असेल आणि त्यात हिंजची (तुळई किंवा खांब जिथे क्षमता संपून वळतो त्या जागेची) हिस्टेरिसिस, म्हणजे दर फेरीला होणारी ऊर्जेची गळती, असेल, तर मोठी गळती आधीच मॉडेलमध्ये आहे. वरून घालायचं ते फक्त उरलंसुरलं, म्हणजे न दाखवलेल्या भिंती, सांधे, जोडणी यांचं. त्यासाठी २ ते ३ टक्के पुरेसे आहेत, आणि उंच इमारतीत त्याहूनही कमीकडे झुकणं बरं. रेषीय मॉडेलमधले ५ टक्के उचलून अरेषीय मॉडेलमध्ये टाकणं ही या विषयातली सर्वांत धोकादायक सवय आहे, कारण तिने इमारत प्रत्यक्षापेक्षा सुरक्षित दिसते.

प्रयोगशाळेतल्या चक्रीय चाचणीच्या वळशावरून (बल विरुद्ध विस्थापनाच्या बंद वक्रावरून) समतुल्य डॅम्पिंग काढतात, त्यालाही हेच लागू. वळशाचं क्षेत्रफळ भागिले (१२.५७ गुणिले कमाल विस्थापनाची स्थितिज ऊर्जा). कमाल विस्थापन ३० मिलिमीटर, बल १२० किलोन्यूटन, क्षेत्रफळ २.७ किलोन्यूटन-मीटर असेल तर ऊर्जा १.८ आणि डॅम्पिंग जवळजवळ १२ टक्के. हा आकडा समतुल्य रेषीय पद्धतीत चालतो. ज्या मॉडेलमध्ये तो वळसा स्वतःच आहे, तिथे त्याला जागा नाही.

पायरी ८: रेले डॅम्पिंगचे आकडे काढून बघा

रेले डॅम्पिंगमध्ये एक भाग वस्तुमानाच्या प्रमाणात आणि एक ताठरतेच्या प्रमाणात असतो. यामागे पदार्थविज्ञान फारसं नाही, गणिताची सोय आहे. दोन वारंवारतांना हवं ते डॅम्पिंग मिळतं. बाकीच्या ठिकाणी काय होतं ते बहुतेक जण पाहतच नाहीत. आपण पाहू.

१ सेकंद आणि ०.२ सेकंद या आवर्तनकाळांना ५ टक्के ठरवलं. कोनीय वारंवारता ६.२८३ आणि ३१.४१६. वस्तुमानाचा गुणांक = डॅम्पिंग × २ × दोन्हींचा गुणाकार ÷ बेरीज = ०.५२३६. ताठरतेचा गुणांक = २ × डॅम्पिंग ÷ बेरीज = ०.००२६५३. कोणत्याही मोडचं डॅम्पिंग म्हणजे पहिल्या गुणांकाला वारंवारतेने भागून आणि दुसऱ्याला तिने गुणून आलेल्या बेरजेचं निम्मं.

आता फिरून बघा. ०.४५ सेकंदाच्या आसपास डॅम्पिंग ३.७ टक्क्यांपर्यंत खाली येतं. ०.०५ सेकंदाला ते १७ टक्के होतं, म्हणजे वरचे मोड जवळजवळ गप्प होतात. उलट बाजूला, इमारत नुकसान होऊन मऊ पडली आणि आवर्तनकाळ २ सेकंदांवर गेला, तर मुख्यतः वस्तुमानाच्या भागामुळे डॅम्पिंग ८.७५ टक्के होतं. बेस-आयसोलेशनच्या (इमारत आणि पाया यांच्यामध्ये लवचीक आधार बसवलेल्या इमारतीच्या) ३ सेकंदांच्या मोडला तर १२.८ टक्के! आयसोलेटरचं स्वतःचं डॅम्पिंग आधीच मॉडेलमध्ये असताना त्यावर हे फुकटचं. आयसोलेटेड इमारतीत वस्तुमानाचा भाग वगळा किंवा मोडनिहाय डॅम्पिंग वापरा. साध्या इमारतीतही खालची वारंवारता पहिल्या मोडपेक्षा जरा खालीच ठरवा, म्हणजे इमारत मऊ पडल्यावरही आकडा हाताबाहेर जात नाही.

पायरी ९: अरेषीय मॉडेलमधलं लपलेलं बल

ताठरतेच्या डॅम्पिंगमुळे अरेषीय मॉडेलमध्ये नको असलेली बलं तयार होतात. हॉल यांनी २००६ मध्ये आणि चार्नी यांनी २००८ मध्ये या धोक्याकडे लक्ष वेधलं. तरीही तो रोजच्या कामात दिसतो, म्हणून एक हिंज जवळून पाहू.

तुळईच्या टोकाला फिरणारी स्प्रिंग आहे. ती झुकण्याआधी (म्हणजे यील्ड होण्याआधी) जवळजवळ ताठ असावी म्हणून तिची सुरुवातीची ताठरता १० लाख किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियन दिली. डॅम्पिंग सुरुवातीच्या ताठरतेच्या प्रमाणात आहे, गुणांक वरचाच ०.००२६५३. हिंज झुकल्यावर ती सेकंदाला ०.१ रेडियन वेगाने फिरते. डॅम्पिंगचा मोमेंट (वळवणारा जोर) किती? १० लाख × ०.००२६५३ × ०.१, म्हणजे २६५ किलोन्यूटन-मीटर. हिंजची क्षमता ३०० असेल, तर न मागता जवळजवळ दुसरा हिंज तिथे जोडला गेला. तो छापील उत्तरात हिंजच्या मोमेंटमध्ये दिसत नाही, पण शेजारच्या खांबावर मात्र येतो. सांध्यावर तुळयांच्या आणि खांबांच्या मोमेंटची बेरीज जमत नसेल, तर हाच चोर शोधा.

उपाय असे: अशा ताठ स्प्रिंगना ताठरतेचं डॅम्पिंग देऊच नका, ते फक्त लवचीक राहणाऱ्या भागांना द्या. किंवा सुरुवातीच्या ऐवजी मागच्या पायरीवर स्थिरावलेल्या ताठरतेवर ते बांधा. ओपनसीस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरच्या रेले आज्ञेत चालू, सुरुवातीची आणि स्थिरावलेली अशा तिन्ही ताठरतांसाठी वेगळे गुणांक द्यायची सोय आहे. चुकीच्या जागी आकडा बसला तर इशारा मिळत नाही, म्हणून क्रम दोनदा तपासा. तिसरा मार्ग मोडनिहाय डॅम्पिंगचा. त्यात बलं सगळ्या इमारतीत वाटली जातात आणि एका हिंजवर एवढा भार येत नाही.

वस्तुमानाच्या भागाची खूण वेगळी असते. तो डॅम्पर जणू प्रत्येक मजल्याला बाहेरच्या एखाद्या स्थिर वस्तूशी बांधतो. त्यामुळे मजल्यांच्या जडत्वबलांची बेरीज आणि खांबांमधला बेस शिअर (तळाशी येणारं एकूण आडवं बल) यांत फट पडते. ती फट मोठी असेल तर गुणांक कमी करा.

इमारतीत खरे फ्लुइड डॅम्पर (द्रवातून दट्ट्या सरकवून ऊर्जा शोषणारी उपकरणं) बसवले असतील तर त्यांना टक्केवारीत बदलू नका. बल = स्थिरांक × वेगाचा घात, अशा नियमाचा स्वतंत्र घटक म्हणून मॉडेल करा.

पायरी १०: मॉडेललाही ओढून सोडा

इमारतीवर केलेली चाचणी मॉडेलवरही करा. गच्चीला पहिल्या मोडच्या आकारात लहानसं विस्थापन द्या, भूकंप नको, सोडून द्या आणि शिखरं मोजा. ठरवलेलंच डॅम्पिंग परत यायला हवं. जास्त आलं तर कुठेतरी नको असलेला गुणांक आहे, किंवा इंटिग्रेशनची (वेळेच्या लहान टप्प्यांनी उत्तर काढायची) पद्धत ऊर्जा खातेय. न्यूमार्कची सरासरी-त्वरण पद्धत रेषीय मॉडेलमध्ये स्वतःहून ऊर्जा खात नाही. एचएचटी-अल्फा ही दुसरी पद्धत वरच्या वारंवारतांची खाते, आणि कधीकधी तेच हवं असतं, पण ते जाणून-बुजून असावं. टाइम-स्टेप निम्मा करून पुन्हा चालवा आणि उत्तर हलत नाही ना ते पाहा.

मग मोठ्या भूकंपाच्या नोंदीवर ऊर्जेचा हिशोब काढा: आत आलेली, हिंजने खाल्लेली आणि व्हिस्कस डॅम्पिंगने खाल्लेली. हिंज चांगलेच झुकलेले असतानाही व्हिस्कसचा वाटा हिंजपेक्षा मोठा असेल, तर मला त्या मॉडेलवर भरवसा ठेवता येत नाही. मी मागे जाऊन पायरी ७ पुन्हा करतो.

शेवटी तेच मॉडेल डॅम्पिंग निम्मं आणि दीडपट ठेवून चालवा. मजल्यांमधलं सरकणं, बेस शिअर आणि सर्वांत वाईट हिंजचं फिरणं, असे तीन रकाने करा. डॅम्पिंगच्या आकड्याशेजारी तो कशावरून आला (मुक्त कंपन, स्पेक्ट्रम की भूकंपाची नोंद), मोजणीच्या वेळी गच्ची किती मिलि-जी हलत होती, पद्धत कोणती आणि चढउतार किती, एवढं लिहा. त्याखालच्या ओळीत, तिन्ही रकान्यांपैकी डिझाइनची मर्यादा कुठे ओलांडली जाते, ते नोंदवा.